मापाची साक्ष

साक्ष हा शब्द आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही. शेजाऱ्याने बांध कोरला आणि वाद कचेरीत गेला, की साक्ष लागते. गारपिटीचा पंचनामा झाला की पंचांच्या सह्या लागतात; तीही साक्षच. खरेदीखताला दोन साक्षीदार लागतात, आणि ते शोधताना माणसाला कळून येते की गावात आपल्या शब्दाला उभे राहणारे किती आहेत. साक्षीदार गोड बोलतो की अडखळत बोलतो, याला फारसे महत्त्व नसते. त्याने पाहिले का, आणि पाहिले ते स्वतःचे नुकसान होत असतानाही सांगेल का, एवढेच लोक बघतात.

ख्रिस्ती समाजात हाच शब्द नित्याच्या वापरातला आहे. आपल्या देवाविषयी दुसऱ्याला सांगणे, याला ते ‘साक्ष देणे’ म्हणतात. पुष्कळांची समजूत अशी, की साक्ष द्यायची म्हणजे चार लोक जमवून बोलायचे, पुस्तके वाटायची, गाणी म्हणायची. तेही असते. पण ज्या गावात ख्रिस्ती घर एखादेच आहे, तिथे भाषण ऐकायला कोण येणार? तिथे साक्ष होते ती दुधाच्या किटलीत, टोमॅटोच्या क्रेटात, मजुरांच्या हजेरीच्या वहीत. घरच्यांच्या ध्यानीमनी नसले तरी होतच असते. वाचकहो, आज त्याच साक्षीविषयी बोलायचे आहे, आणि तेही जुन्नर-आंबेगावच्या बाजारांत उभे राहून. आपल्या वाचकांत बहुतेकजण ख्रिस्ती नसतील. तरी वाचा. काट्यासमोर सगळे सारखेच उभे असतात.

जुन्नर ही फार जुनी बाजारपेठ. नाणेघाटाने कोकणातला माल वर चढायचा तो इथेच यायचा. इथल्या लेण्यांत एका शिलालेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. आणखी काही लेखांत कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचे उल्लेख आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही इथला माणूस आपला पैसा कारागिरांच्या संघाकडे ठेवून निर्धास्त झोपत होता. विश्वास नसता तर ठेव कोण ठेवतो?

अशा या गावी १८४६ साली चर्च मिशनरी सोसायटी या विलायती संस्थेने आपले ठाणे घातले. मुंबईत ती १८२० पासून होती, नाशिकला १८३२ पासून. पाद्री आले, उपदेश सुरू झाला. पण आपल्या मुलखाला उपदेशाचे अप्रूप कधीच नव्हते. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला, ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आळ्याला. कीर्तन-प्रवचने ऐकून इथल्या माणसाचे कान तयार झालेले. चांगले बोलणारा कोणता आणि चांगले वागणारा कोणता, हे त्याला ओळखू येते. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्याने पायलीभर बाजरी कमी मोजली, तर गाव लगेच म्हणते, ‘अरे, माळकरी ना तू?’ ख्रिस्ती माणसाच्या गळ्यात माळ नसते, पण गावाने ती घातलेली असते. त्याच्या नावातच ती असते. दुसऱ्याने लबाडी केली तर बोल त्या एका माणसाला लागतो. त्याने केली तर त्याच्या देवाला लागतो.

हे त्याला जाचक वाटत असेल, आणि वाटावेच. गावातल्या बाकीच्या घरांना जी सवलत मिळते ती त्याला मिळत नाही. पण विचार केला तर साक्षीची संधीही त्याच जाचात आहे, कारण इतके बारीक लक्ष गावाने दुसऱ्या कुणाकडे दिलेलेच नसते.

दोन मापे

ख्रिस्ती धर्मग्रंथात देवदूत आहेत, चमत्कार आहेत, तसे वजनमापही आहे. जुन्या करारातील लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत मोशेने लोकांना बजावले आहे की घेण्याचे एक आणि देण्याचे दुसरे अशी वजने किंवा मापे जवळ बाळगू नका. आमोस नावाचा संदेष्टा होऊन गेला. तो मूळचा मेंढरे राखणारा, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा, म्हणजे आपल्यातलाच. सण कधी संपतो आणि धान्याची दुकाने कधी उघडतो असे झालेल्या, माप लहान करून आणि दाण्यात भुसा मिसळून गरिबाला विकणाऱ्या व्यापाऱ्यांवर त्याने कोरडे ओढले.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे ऐकून हसू येईल. पायलीला शीग लावून घ्यायचे आणि देताना वरून हात फिरवून सपाट द्यायचे, हा खेळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. शेर गावोगाव निराळा, मण निराळा. १९५६ च्या कायद्याने किलो-ग्रॅम आले आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत सक्तीचे झाले, तेव्हा शेतकऱ्याला वाटले, आता सुटलो. सुटला तो थोडासाच. किलो सगळीकडे सारखा झाला, पण काटा धरणारा हात ज्याचा त्याचाच राहिला.

नव्या करारात जक्कयाची गोष्ट आहे. हा जकात वसूल करणाऱ्यांचा मुख्य, गबर झालेला. येशू ख्रिस्त त्याच्या घरी जेवायला गेला. त्यानंतर हा माणूस उभा राहून जे बोलला त्यात धर्मतत्त्वाची चर्चा नाही, आकडे आहेत. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे फसवून घेतले त्याला चौपट परत. त्याच्यात झालेला बदल गावाला कळला तो असा, पैशाच्या भाषेत. मला ही गोष्ट नेहमी शेतकऱ्याला समजेल अशी वाटते, कारण चौपट परत द्यायचे तर आधी कुणाचे किती घेतले याची यादी करावी लागते, आणि ती यादी करणे हेच खरे अवघड काम.

आणखी एक. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही त्यांच्या दहा आज्ञांतली एक आज्ञा आहे. तिच्यातला ‘शेजारी’ हा शब्द आपण सहज ओलांडून जातो. खोट्या साक्षी परक्यांविरुद्ध क्वचितच होतात. त्या होतात बांधाला बांध लागून असलेल्याविरुद्ध, भाऊबंदाविरुद्ध, विहिरीतल्या हिस्सेदाराविरुद्ध.

बेल्ह्याच्या बाजारात

आता सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजारात चला. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली, तेव्हापासून चांगल्या बैलाचा तोरा पुन्हा वाढला आहे. बाजारात बैल उभा असतो, शिंगे रंगवलेली, अंग तेलाने चमकणारे. घेणारा त्याचे तोंड उघडून दात बघतो: आदत आहे, दोन दाती आहे, का जुळला आहे. दात खोटे बोलत नाहीत. पण दातांत न दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. बैल नांगराला चालतो पण उन्हे तापली की बसतो. एरवी गरीब, पण परक्याला जवळ येऊ देत नाही. एका मोसमात पाय लचकला होता, आता बरा आहे, पण चढाला कुरकुरतो. ही खोड कुणाला ठाऊक असते? विकणाऱ्याला, त्याच्या बायकोला, आणि त्याच्या शाळकरी पोराला, कारण बैल चारायला तोच नेतो.

गाईचेही तेच. बाजाराच्या दिवशी सकाळी धार न काढता कास तुंबवून आणायची, म्हणजे ती मोठी दिसते. गाईला होणारा त्रास वेगळाच. घेणारा घरी नेतो आणि तिसऱ्या दिवसापासून दूध निम्म्यावर येते. पैसे तर मोजून झालेले असतात.

आता बाजारात एखादा ख्रिस्ती शेतकरी गाय घेऊन उभा आहे असे समजा. गाय चांगली आहे, पण एक सड बंद आहे. गिऱ्हाइकाच्या ध्यानात ते आलेले नाही. न बोलावे, तर त्याने खोटे काहीच सांगितलेले नाही. विचारलेच नाही, तर सांगायचे कशाला? बाजाराचा रिवाज असाच आहे की बघून घेणे हे घेणाऱ्याचे काम. इथे त्याची साक्ष पणाला लागते. खोटे न बोलणे हे एक झाले. दुसऱ्याला खोट्या समजुतीत राहू न देणे हे त्याच्या पुढचे. सड बंद आहे असे सांगितले तर चार-पाच हजारांनी किंमत उतरते, आणि बरोबरचे लोक त्याला वेडा म्हणतात. त्याची घरधनीणही म्हणेल, आणि तिचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण सोसायटीचा हप्ता तिला माहीत असतो.

नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारातला हिशेब आणखी सरळ आहे. क्रेट वीस किलोचे. वरच्या दोन थरांत लाल, गोळीबंद, एकसारखे फळ. खाली बारीक, डागाळलेले. समजा शंभर क्रेट माल निघाला आणि नीट निवड केली तर त्यातले वीस क्रेट बारीक निघतात. चांगल्याला क्रेटमागे ४०० रुपये आणि बारीकला २०० असतील, तर खरेपणाची किंमत एका तोड्याला ४००० रुपये पडते. असे दहा तोडे झाले की ४०,००० झाले. एवढ्यात एका मुलीची वर्षाची फी भागते, किंवा ठिबकच्या नळ्या येतात. ‘खरेपणाला काय पैसे पडतात?’ असे कुणी म्हणाले, तर त्याला हा हिशेब दाखवावा.

व्यापारीही काही बाळबोध नसतो. तो क्रेट उपडे करून बघतो, कधी कधी न बघताच सगळ्यांचा भाव पाडतो, म्हणजे निवडून आणणाराही मारला जातो. मंचर, आळेफाटा, ओतूर इथे कांद्याच्या लिलावात पिशवी फोडून ओततात ती याचसाठी. गोळा, गोल्टी, बदला, चिंगळी अशी निवड बराखीजवळच करून आणणाऱ्याची खूण काही हंगामांनी पटते आणि त्याच्या पिशवीला बोली लवकर लागते, असे म्हणतात. लागतही असेल. पण प्रामाणिकपणा शेवटी पैशाने फळतोच, अशी खात्री मी तुम्हाला देणार नाही. काही वेळा फळतो, काही वेळा नुसता खर्चच होतो. पैसे फळतात म्हणून जो खरे बोलतो त्याची साक्ष व्यापाराविषयी झाली. देवाविषयी झाली असे म्हणता यायचे नाही.

खरी कसोटी इसारात असते. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचे भाव आभाळाला भिडले, ते या दोन तालुक्यांत कुणी विसरणार नाही. अशा वेळी आठ दिवस आधी ज्याने उभा प्लॉट ठरलेल्या भावाने देऊन इसार घेतला असेल, त्याचे काय? कागद नाही, फक्त शब्द आणि पाच हजार रुपये. इसार परत फेकून दुसऱ्याला माल देणे फार सोपे. आणि भाव पडला की तोच व्यापारी फोन उचलत नाही, हाही अनुभव सगळ्यांचा. तेव्हा त्याने मोडला, म्हणून मी मोडतो, हा युक्तिवाद तयारच असतो, आणि तो लंगडाही नाही. ज्याला साक्ष द्यायची आहे त्याला मात्र आपल्या शब्दाचे माप दुसऱ्याच्या शब्दावरून ठरवता येत नाही. अशा वेळी माल देऊन टाकायचा आणि मग मोकळेपणाने म्हणायचे, की बाबा, भाव एवढा वाढला आहे, तुझ्या मनाला येईल ते दे. व्यापारी दोन पैसे जास्त देईल किंवा देणार नाही. गावाला मात्र ही गोष्ट कळल्याशिवाय राहत नाही. बाजारातली बातमी एस्टीच्या आधी गावात पोचते.

एकच भाव

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ निघाला. जॉर्ज फॉक्स हा त्यांचा पुढारी. या लोकांनी न्यायालयात शपथ घ्यायला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे, की येशू ख्रिस्ताने डोंगरावरच्या प्रवचनात शपथ वाहूच नका, हो ते हो आणि नाही ते नाही एवढेच असू द्या, अशा अर्थाचे सांगितले आहे. शपथेवर खरे बोलायचे म्हणजे एरवी खोटे बोलायला मोकळीक आहे असे होते. या हट्टापायी त्यांतले कितीतरी तुरुंगात गेले. अखेर १६९६ साली कायदा झाला आणि शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा त्यांच्याकडून मान्य झाली. आज आपल्या न्यायालयातही साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञेवर सांगता येते. धामणीच्या खंडोबापुढे भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडायला आपला माणूस अजून कचरतो. क्वेकरांचे म्हणणे एवढेच होते, की भंडारा हातात नसतानाही तसेच कचरावे.

दुकानातही त्यांनी हेच केले. त्या काळी घासाघीस हीच रीत होती: दहा सांगायचे, सहाला द्यायचे. क्वेकर म्हणाले, सहाला द्यायचे तर दहा सांगणे हे खोटे बोलणेच आहे. त्यांनी एकच भाव सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा गिऱ्हाईक तुटले, कारण घासाघीस केल्याशिवाय बाईमाणसाला खरेदी केल्यासारखे वाटत नाही, हे तिकडेही असावे. पुढे लोकांच्या ध्यानात आले की इथे लहान पोराला पाठवले तरी तेवढाच भाव लागतो. मग मात्र गिऱ्हाईक वाढले. १८२४ साली बर्मिंगहॅम शहरात चहा-कॉफीचे दुकान काढणारा जॉन कॅडबरी याच पंथाचा. चॉकलेटच्या कागदावर ते नाव तुमच्या मुलांनी वाचलेले आहे.

क्वेकरांना खरेपणा फळला. आता जिला तो फार महाग पडला, त्या बाईकडे येऊ, आणि ती आपल्या पुणे जिल्ह्यातलीच आहे.

उघडे दार

पंडिता रमाबाईंचे नाव आपण ऐकतो ते बहुधा केडगावच्या मुक्ती मिशनमुळे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परत आल्यावर विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले, ११ मार्च १८८९ ला मुंबईत. १८९० च्या अखेरीस ते पुण्याला आणले. अमेरिकेतल्या देणगीदारांचा पैसा होता, पण संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते. मुलींनी आपापले सोवळेओवळे, व्रतवैकल्ये पाळावीत. कुणावर ख्रिस्ती धर्म लादायचा नाही. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ साली पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई याच सदनातल्या.

रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि आपल्या खोलीत मुलगी मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. पुण्यात गवगवा झाला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. रमाबाईंना एक सोपी वाट होती: दार लावून घ्यायचे. प्रार्थनाही झाली असती आणि संस्थाही राहिली असती. त्यांनी दार लावले नाही. मी जी आहे ती आहे. मुलींना बोलावणार नाही, पण लपणारही नाही, अशी त्यांची भूमिका. १८९३ साली रानडे आणि भांडारकर संस्थेतून बाहेर पडले. पालकांनी येऊन मुली काढून नेल्या. वर्षानुवर्षांचे काम डोळ्यांदेखत ओसरले.

इथे थोडे थांबले पाहिजे. रानडे-भांडारकरांनी ढोंग केले असे कुणी म्हणू नये. पालकांनी मुली पाठवल्या त्या या थोर माणसांच्या भरवशावर, आणि दिलेला भरवसा सांभाळणे हाही खरेपणाच. ज्या मुलीचे जगात दुसरे कुणी नाही, तिच्यापुढे तिची आश्रयदाती रोज प्रार्थनेला बसते, तेव्हा उघडे दार हे बोलावणेच होत नाही का, हा प्रश्न त्या काळच्या पालकांना पडला तर तो गैर नव्हता. माझ्या मते रमाबाईंचा मोठेपणा वाद जिंकण्यात नाही. आपण कोण आहोत याविषयी त्यांनी कुणालाही अंधारात ठेवले नाही, यात आहे. ज्या पालकाला मुलगी न्यायची होती त्याला कशासाठी न्यायची हे नीट कळले होते.

आणि त्या नुसत्या पुण्याच्या लोकांशीच अशा वागल्या असे नाही. इंग्लंडमध्ये ज्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला, कारण धर्ममतातल्या ज्या गोष्टी बुद्धीला पटल्या नाहीत त्या पटल्या असे म्हणायला त्या तयार झाल्या नाहीत. ज्यांचे अन्न खाल्ले त्यांच्या तोंडावर ‘हे मला पटत नाही’ म्हणायला बैलाची खोड सांगण्यापेक्षा जास्त धैर्य लागते.

रमाबाईंच्या बाजूने त्या काळी जे थोडे लोक उभे राहिले त्यांत जोतीराव फुले होते. १८८५ साली त्यांनी ‘सत्सार’ काढला त्यात त्यांच्या धर्मांतराची बाजू घेतली. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या सत्यशोधक समाजाची मुळे आपल्या जुन्नर तालुक्यात खोल गेली होती. ओतूरचे डुंबरे पाटील या चळवळीतले खंदे. सत्य हे कुणा एका धर्माच्या वतनात नाही, हे या मातीत तेव्हाच रुजले होते. ख्रिस्ती माणसाने आपला खरेपणा मिरवायला काढला तर ओतूरकर त्याला ही आठवण करून देतील, आणि ते योग्यच होईल.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट थोडक्यात सांगतो. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि बरीच वर्षे अहमदनगरकडे मिशनच्या कामात होते. पण पगारी माणसाची साक्ष लोकांना विकतची वाटते, हे शल्य होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला निघाले. दोन वर्षांनी ते वारले. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली.

कागद आणि अंगठा

इतिहास झाला, आता आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दप्तर जाळले. त्यांचा राग खतांवर होता: कोऱ्या कागदावर अंगठा, दिलेल्या पैशाची पावती नाही. म्हणून १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला पावती आणि हिशेबाचा उतारा मिळण्याचा हक्क दिला. तेव्हा आपण कोऱ्या कागदावर अंगठा देणारे होतो. आज कागद भरणारेही आपणच आहोत. एक रुपयात पीक विमा २०२३ साली सुरू झाला आणि बनावट अर्जांचा बोभाटा होऊन २०२५ साली बंद झाला. न पेरलेल्या कांद्याचा विमा उतरणारा कुणी परका सावकार नव्हता. गारपिटीत दहा गुंठे गेले आणि पंचनाम्यात तीस लिहिले, तर पंच म्हणून सही करणारा गावातलाच कुणी असतो. ख्रिस्ती पंचाने तिथे हात आखडला तर ‘सरकारचे पैसे, तुझ्या बापाचे काय जाते?’ हे ऐकून घ्यावे लागते. या प्रश्नाला चटकन उत्तर सुचत नाही. सही न करणे एवढेच हातात असते.

आणि घरात? दारात वसुलीवाला आला की आपण पोराला पुढे करतो, ‘सांग, बाबा घरी नाहीत.’ पोरगे जाऊन सांगते, ‘बाबांनी सांगितलंय की बाबा घरी नाहीत.’ आपण हसतो. दुसऱ्या खेपेला ते चुकत नाही, नीट खोटे बोलते. मुलीचे स्थळ जमवताना तिचे आजारपण झाकतो, मुलाची दोन एकर कोरडवाहू जमीन बोलण्यात बागायत होते. बचत गटाच्या वहीत एखादीचा हप्ता आला नसताना आला असे लिहितो, कारण ती आपली जाऊ. यात दुष्टावा कुठेच नाही, नुसती माया आणि भीड आहे. पण त्या घरात भिंतीवर क्रूस असेल, तर सुनेला, पोराला, शेजारणीला तो क्रूस आणि ती वही एकाच वेळी दिसत असते.

कामावर येणाऱ्या बायकांचा हिशेबही यातच आला. पाच वाजता सोडायचे ठरवून साडेपाच करायचे, आणि अर्ध्या तासाचे पैसे मागायला कुणी येणार नाही हे ठाऊक असायचे. नव्या करारात याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते असा विचार आहे. पत्रातला हा भाग श्रीमंत शेतमालकांना उद्देशून आहे, हे शेतमालक वाचकांनी लक्षात घ्यावे.

या दोन्ही तालुक्यांचा पश्चिमेचा डोंगरपट्टा वेगळा. तिथे महादेव कोळी आणि ठाकर माणसे उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात आणि डोक्यावर पोते घेऊन खाली येतात. वर्षातला रोख पैसा मिळण्याचा हा मोठा आधार. हिरडा कच्चा का वाळलेला, काटा किती खाली गेला, कडता किती धरला, यावर एका घराचा पावसाळा ठरतो. अनेक जणी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या नसल्या तरी खुळ्या नसतात. एखादी शहाणी बाई येताना एक किलोचा बंद मिठाचा पुडा घेऊन येते आणि आधी तो काट्यावर ठेवून बघते. काटा खोटा असेल तर दुकानदार चिडतो, ‘माझ्यावर इसवास नाय का?’ म्हणतो. काटा खरा असेल तर तो हसतो. आणि एखादा असाही असतो, की कुणी मागायच्या आधीच मिठाचा पुडा त्याने काट्याशेजारी आणून ठेवलेला असतो, आणि पोते उतरवणाऱ्या बाईला तो म्हणतो, ‘मावशी, आधी हा ठेवून बघा.’